पहिली एमजीबी: आधी सिल, मग ब्रेक, वेबरचा विचार सगळ्यात शेवटी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय १९, साठवलेल्या पैशातून पहिली गाडी घेतली आहे, १९६६ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार), स्पोकच्या चाकांची. इंजिन सुरू होतं, पण आयडलिंगला धडपडतं. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. दारांच्या खालच्या रंगाला फोड आलेत. तुला वेबर कार्बोरेटर, कडक स्प्रिंगा आणि रुंद चाकं बसवायची आहेत, आणि गाडी पूर्ण सुटी करून कामाला लागावं की चालवत चालवत सुधारावी हे ठरत नाहीये.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. गाडी पूर्ण सुटी करू नकोस. वेबर, स्प्रिंगा, चाकं यांतलं काहीही आत्ता घेऊ नकोस. आधी सिल (दारांखालचा पत्र्याचा लांब पोकळ भाग), मग ब्रेक, मग स्टीअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन, मग इंजिन, या क्रमाने ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी कर. मग निदान एक मोसम चालव. काय बदलायचं ते त्यानंतर ठरव.

हे मी जुन्याच्या प्रेमापोटी सांगत नाहीये. अपग्रेडला माझा विरोध नाही, माझ्या स्वतःच्या गाडीत बरेच आहेत. पण झिजलेली गाडी चालवून तिला काय हवंय ते कळत नाही. तुझ्याच यादीतली दोन उदाहरणं घे.

आयडलिंगचा त्रास आहे म्हणून वेबर घ्यावासा वाटतो. तुझ्या इंजिनावर एसयू कंपनीच्या दीड इंची एचएस४ कार्बोरेटरची जोडी आहे. एसयूमध्ये पिस्टन इंजिनाच्या ओढीप्रमाणे वरखाली होतो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये कमीजास्त शिरते आणि पेट्रोल आपोआप हवेच्या प्रमाणात राहतं. कल्पना इतकी चांगली आहे की हे कार्बोरेटर अनेक दशकं बनत राहिले. त्यांचा दुबळा भाग म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल, थ्रॉटलची झडप फिरवणारी बारीक दांडी. वर्षानुवर्षं फिरून तो आणि त्याचं भोक दोन्ही झिजतात, तिथून बेहिशेबी हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग एका जागी टिकत नाही. इंजिन बंद ठेवून स्पिंडल बोटांनी वरखाली हलवून बघ. बोटाला चाळा, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुखणं सापडलं. गळती शोधायला काही जण चालू इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारतात. या गाडीवर ते अजिबात करू नकोस, कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोबर कार्बोरेटरच्या खाली आहे. नवे स्पिंडल आणि बुश, नव्या सुया आणि जेट, डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात) ऑइल, दोन्ही कार्बोरेटरची हवा समसमान जुळवलेली, एवढं केलं की बहुतेक एमजीबी शांतपणे आयडल होतात. वेबरने हे दुखणं जाईल, हे खरं आहे. पण एक धड जुळणी टाकून दुसरी शिकायची वेळ येईल, आणि बदल्यात फारसं काही मिळणार नाही. तुझ्या इंजिनाच्या, म्हणजे बी-सीरीजच्या, हेडमध्ये चार सिलेंडरना मिळून इनलेटची दोनच दारं आहेत. मूळ कॅमशाफ्ट आणि मूळ हेड असेल तर रस्त्यावरच्या वापरात वेबरचा फायदा थोडा आणि जेट निवडण्याची कटकट मोठी.

दुसरं उदाहरण स्प्रिंगांचं. गाडी वळणावर झुलते, खड्ड्यानंतर दोनतीनदा उसळते, म्हणून स्प्रिंग कडक हवी असं वाटतं. या गाडीला चारही बाजूंना आर्मस्ट्राँगचे लेव्हर शॉक ॲब्सॉर्बर आहेत. पुढच्या शॉकचा हात हाच वरचा विशबोन (चाकाला बॉडीशी जोडणारा हात) आहे, हे बऱ्याच नव्या मालकांना माहीत नसतं. म्हणजे शॉकचा शाफ्ट खुळखुळा झाला की नुसती उसळी वाढत नाही, चाकाचा कोनही चालता चालता बदलत राहतो. अशा गाडीला कडक स्प्रिंग लावली तर शॉकला आवरायला आणखी मोठा जोर मिळतो आणि गाडी बिघडतेच. दुरुस्त केलेले शॉक लाव, खालच्या विशबोनचे रबरी बुश बदल, आणि मग सांग स्प्रिंग मऊ वाटते का. मला तरी मूळ स्प्रिंगांची तक्रार क्वचितच ऐकू येते.

आता सिल, कारण बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. आधीच्या एमजीए या मॉडेलला वेगळी चॅसी होती. १९६२मध्ये आलेल्या एमजीबीला ती नाही, बॉडी हीच चॅसी. त्यात रोडस्टरला छप्परही नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं बरंचसं काम दारांखालच्या दोन सिल करतात. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत थर आहेत: आउटर सिल, मधला उभा पत्रा, इनर सिल, आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. पाणी आणि चिखल आत जाऊन बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसायला लागले म्हणजे आतलं काम बहुधा पुष्कळ आधी संपलेलं असतं.

तपासणी साधी आहे. सपाट जमिनीवर दार बंद करून दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोज. मग बाजूला मधोमध असलेल्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू थोडी उचल आणि पुन्हा मोज. चांगल्या बॉडीत फरक जेमतेम मोजता येईल इतका असतो. फट नजरेला दिसेल इतकी बदलली किंवा दार अडकायला लागलं तर सिलमध्ये जीव उरलेला नाही. मग एक लोहचुंबक घेऊन सिलवरून फिरव, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. शेवटी खालून जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचून बघ. भोक पडलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, ते आधीच पडलेलं होतं.

एक खूण मात्र नीट लक्षात ठेव. खरी आउटर सिल पुढे विंगच्या (चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या) आत आणि मागे मागच्या विंगच्या खालच्या भागाच्या आत जाते. ती नीट बदलायची तर पुढची विंग बोल्ट काढून उतरवावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावा लागतो. हा त्रास टाळायला दाराखाली दिसतो तेवढ्याच भागावर नवा पत्रा चढवून रंगवतात. माझ्या पहिल्या एमजीबीला एका वर्कशॉपने नेमकं हेच केलेलं होतं. सिल आरशासारख्या दिसत होत्या, मी समाधानी होतो, आणि वर कडक स्प्रिंगा बसवल्या. काही महिन्यांत उजवं दार खांबाला घासायला लागलं. बिजागरी जुळवत बसलो, पण दार जागचं हललंच नव्हतं, बॉडी मधून वाकत होती. नव्या पत्र्यामागे मूळ सिलचा भुगा झाला होता. स्प्रिंगांच्या पैशात एका बाजूचे सगळे पत्रे आले असते. तुझी यादी वाचून मला पहिल्यांदा तेच दार आठवलं.

सिल बदलताना एका वेळी एकच बाजू. कापण्याआधी बिजागरीचा खांब आणि कुलपाचा खांब यांच्यामध्ये लोखंडी आडवी दांडी पक्की बसव. गाडीचा भार जिथे रोज असतो तिथेच राहू दे, म्हणजे ती चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी टेकवलेली असू दे. मधोमध जॅक लावून कापलीस तर वाकलेल्या आकारातच जोडली जाईल. पत्रे क्लॅम्पने धरून दार लावून बघ, फट बघ, मग टाके मार, पुन्हा दार लावून बघ, आणि त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग. कंटाळवाणं आहे, पण सगळं कौशल्य तिथेच आहे. वेल्डिंग कधी केलं नसशील तर पहिली शिवण सिलवर घालू नकोस. भंगार पत्र्यावर सराव कर आणि सिलचं वेल्डिंग जाणत्या माणसाला दे. विंग उतरवणं, गंज साफ करणं, पत्रे जुळवून बघणं तू करू शकतोस, आणि वेळ तिथेच जास्त जातो.

वेल्डिंगआधी बॅटऱ्या काढ. त्या सीटांच्या मागे आहेत, सहा व्होल्टच्या दोन, आणि त्यांच्या पेट्याही गंजतात, तेव्हा त्याही बघून घे. बॅटरीची जाड केबल, पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी फरशीखालून जातात, ठिणगीच्या वाटेतून सगळं बाजूला झालं पाहिजे. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही नाही, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नकोस, त्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. या ओळी दोनदा वाच.

काम झालं की सिलच्या आत पातळ मेण फवार आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेव. हीटरला हवा देणाऱ्या पेटीचं पाणी बाहेर काढणारी एक रबरी नळी असते, ती कचऱ्याने तुंबली की पाणी गाडीत येतं. ती आत्ताच साफ कर.

ब्रेककडे ये. पुढे पावणेअकरा इंची डिस्क, मागे दहा इंची ड्रम, आणि तुझ्या वर्षाच्या गाडीत सगळं एकाच सर्किटवर. म्हणजे एक नळी फुटली तर पॅडल तळाला जातं आणि चारही चाकं ब्रेकविना राहतात. म्हणून इथे निवड करायची नाही: सगळे रबरी होज, मागचे व्हील सिलेंडर, पुढच्या कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) रबरी सील, मास्टर सिलेंडर नवे किंवा दुरुस्त केलेले. लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या नळ्या टाक, त्या गंजत नाहीत. एका बाजूला ओढण्याचं कारण बहुतेकदा अडकलेला कॅलिपर पिस्टन असतो, किंवा आतून फुगलेला जुना होज. तो बाहेरून धड दिसतो, पण आत झडपेसारखं काम करतो, दाब आत जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. ब्रेक ऑइल डॉट ४ टाक आणि दर दोन वर्षांनी बदल, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. ड्रम उघडशील तेव्हा धूळ हवेने उडवू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पूस. सर्व्हो (ब्रेक दाबायला मदत करणारं उपकरण) बसवायचा विचार पुढे मनात आला तर एवढं लक्षात ठेव, त्याने पाय कमी दाबावा लागतो, गाडी लवकर थांबत नाही.

पुढच्या किंगपिनला (ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिला) ग्रीस पंपाने ग्रीस भर. एखाद्या निपलमधून ग्रीस जात नसेल तर ते निपल काढून साफ कर किंवा बदल, वरून पुसून पुढे जाऊ नकोस. चाक वर उचलून वरखाली धरून हलवलं आणि चाळा जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग. चाळा गेला तर बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा. हे काम एकदा नीट केलं की या गाडीचं रॅक-अँड-पिनियन स्टीअरिंग किती सरळ आणि बोलकं आहे ते तुला कळेल. मला ती या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि रुंद टायर पहिल्यांदा तीच बिघडवतात: स्टीअरिंग जड होतं, आणि फार रुंद असतील तर मागे कमानीला घासतात. १६५ रुंदीचे चांगले नवे रेडियल पुरेसे आहेत. टायरची तारीख बघ, नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होऊन पकड सोडतं. स्पोकच्या चाकांना आत ट्यूब लागते. हबचे दाते टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचं, नुसतं चाक नाही.

इंजिनाबद्दल चांगली बातमी आहे. १९६४च्या अखेरीपासून १७९८ सीसी इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंग आली, तुझं इंजिन त्यातलं आहे आणि ते दणकट आहे. बाहेर काढायच्या आधी त्याला बोलू दे. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन माप. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. गरम इंजिन, चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ असेल तर तळाचा भाग उघडायचं कारण नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, मग इग्निशनचे पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर टायमिंगची चूक तू कार्बोरेटरमध्ये शोधत बसशील. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे आहेत, तेव्हा त्यांना पुरेसं झिंक असलेलं २०डब्ल्यू-५० ऑइल दे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रचना) नाही, १९६७च्या अखेरीपर्यंत नव्हतंच. थांबूनच पहिला टाक, तो बिघाड समजू नकोस.

पेट्रोलमध्ये आता शिसं नसतं आणि बहुतेक ठिकाणी इथेनॉल असतं. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, त्या सगळ्या आधुनिक पेट्रोलला चालणाऱ्या घे. शिशाविना एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचते आणि टॅपेटची फट कमी होत जाते. शांतपणे चालवणाऱ्याला हे पुष्कळ उशिरा जाणवतं. त्यासाठी आज हेड काढू नकोस, टॅपेट मापत राहा. कधी हेड उतरलंच तर कडक सीट बसवून घे, आणि त्याआधी दोन आणि तीन नंबरच्या एक्झॉस्ट सीटच्या मध्ये भेग आहे का ते तपासून घे, हे हेड तिथेच तडकतं.

वायरिंगला हात लावण्याआधी एक गोष्ट: तुझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, कोणी मधे बदललं नसेल तर. बॅटरीच्या कोणत्या टोकाची वायर बॉडीला गेली आहे ते बघ. आजची बरीचशी उपकरणं निगेटिव्ह अर्थची असतात आणि उलटी जोडली की जळतात. बदल अवघड नाही: बॅटऱ्या फिरवायच्या, कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, डायनॅमोची ध्रुवता (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) नव्याने ठरवायची. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर मात्र आतून बदलून घ्यावा लागतो, नाहीतर तो खराब होतो. अल्टरनेटर हे सगळं झाल्यावरच. तपकिरी वायरींना फ्यूज नसतो आणि त्यात सतत वीज असते, म्हणून बॅटरी सुटी केल्याशिवाय डॅशबोर्डच्या मागे हात घालू नकोस.

सुटी करण्याबद्दल. पूर्ण मोडून ठेवलेल्या गाड्या मी खोक्यांमधून विकल्या जाताना पाहिल्या आहेत, आणि विकणारे बहुतेक तरुण होते. एका वेळी एक भाग उघड, तो चालू स्थितीत परत जोड, मगच पुढचा. उघडण्याआधी फोटो, प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा आणि तारीख. या गाडीचे आटे यूएनएफ आहेत आणि पाने इंचांत लागतात. १/२ इंची नटाला १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच जोरात कोपरे गोल करतो. एक चांगला इंची संच आणि एक वर्कशॉप मॅन्युअल, तुझी पहिली खरेदी हीच असू दे. जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच जाऊ नकोस, स्टँड लावल्याशिवाय नाही. रंग आणि आतलं कापड शेवटी. सिल आणि फटी जुळायच्या आधी केलेला रंग फुकट जातो.

आता अपग्रेडचं. माझ्या मते जे खरोखर उपयोगाचे आहेत ते बाहेरून दिसत नाहीत. सगळ्यात आधी चांगले सीटबेल्ट, पक्क्या जागी बसवलेले. हेडलाइटना रिले आणि फ्यूज, कारण मूळ जोडणीत सगळा प्रवाह स्विचमधून जातो. खालच्या विशबोनला एमजीबी जीटी व्ही८ या मॉडेलचे स्टीलमध्ये बसवलेले रबरी बुश, स्टीअरिंग घट्ट होतं आणि खडखड येत नाही. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेव. ब्रेकचं दुहेरी सर्किट कधी केलंस तर मी पाठ थोपटीन. लांब पल्ल्याला जाणार असशील आणि तुझ्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) नसेल, तर ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स हा मला वेबरपेक्षा कितीतरी मोठा आनंद वाटतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून जपून ठेव.

ब्रेक आणि स्टीअरिंग झाल्यावर पहिली फेरी छोटी ठेव, पाचदहा किलोमीटर, नंतर चारही चाकांच्या मध्यावर हात धर. एखादं इतरांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर चाकांचे मधले नट, स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि विशबोनचे बोल्ट पुन्हा आवळ, टॅपेट पुन्हा माप, आणि दाराची ती फट पुन्हा मोजून आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेव.